स्टेंट आणि कॉइल, दोन्ही कशाला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेली अडखळ तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

या भागाचा विषय बोरिवलीच्या एका श्रोत्याने दिला. वडिलांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय, असं तपासणीत दिसलं. डॉक्टर म्हणाले, फ्लो डायव्हर्टर नावाचा स्टेंट बसवू आणि फुग्यात थोड्या कॉइलही भरू. त्यावर श्रोत्याचा प्रश्न अगदी सरळ होता: "दोन्ही कशाला? एकाने काम होत नाही का? की बिल वाढवायचा हा प्रकार आहे?"

मी डॉक्टर नाही. त्यांच्या वडिलांनी काय करावं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण 'दोन्ही कशाला' या प्रश्नाचं निम्मं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास सांगणं हे आपलं काम. गेल्या साधारण नव्वद वर्षांत या फुग्यावर एकामागून एक उपाय निघाले. प्रत्येक उपायाने आधीची एक अडचण सोडवली आणि स्वतःची एक नवी अडचण मागे ठेवली. कॉइल आणि फ्लो डायव्हर्टर यांची जोडी कशी जमली, हे कळायला त्या अडचणी क्रमाने बघाव्या लागतात.

आधी फुगा म्हणजे काय

वैद्यकीय शब्द ॲन्युरिझम. मराठी परिभाषेत धमनीविस्फार म्हणतात, पण दवाखान्यात सगळे 'फुगा'च म्हणतात आणि ते बरोबरही आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या ठिकाणी रबर पातळ झालं की तिथे फुगवटा येतो, तसंच हे. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांना जिथे फाटे फुटतात, तिथे भिंतीवर रक्ताचा मारा जास्त असतो. तिथली भिंत कमकुवत झाली की ती बाहेर फुगते. प्रौढ माणसांत शंभरातल्या साधारण तिघांना असा फुगा असतो असं मानतात. त्यातले बहुतेक फुगे कधीच फुटत नाहीत आणि माणसाला त्यांचा पत्ताही नसतो.

फुटला तर मात्र गोष्ट वेगळी. मेंदूभोवतीच्या पोकळीत रक्त पसरतं आणि एका क्षणात, कधीच अनुभवली नसेल अशी डोकेदुखी सुरू होते. उलटी, मान आखडणं, शुद्ध हरपणं. यातले बरेच रुग्ण दगावतात, आणि वाचलेल्यांतल्या अनेकांना कायमचं अपंगत्व येतं. शिवाय एकदा फुटलेला फुगा पहिल्या काही दिवसांत पुन्हा फुटण्याचा धोका मोठा असतो. म्हणून या सगळ्या इतिहासात घड्याळ सतत डोक्यावर असतं.

मी मुलुंडला वाढलो. १९९०च्या दशकात आमच्या इमारतीतल्या एक काकू अशाच अचानक गेल्या. "मेंदूत रक्तस्राव झाला" एवढंच घराघरांत बोललं गेलं. रक्तस्राव कशामुळे झाला, तो थांबवता आला असता का, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्या काळात किती घरांत हे असंच झालं असेल, याचा विचार ही माहिती जमवताना सारखा येत होता.

बाहेरून चिमटा

फुगा जिवंत माणसात दिसायला लागला तो १९२७ नंतर. लिस्बनमध्ये एगास मोनिझ या पोर्तुगीज डॉक्टरांनी मानेच्या धमनीत क्ष-किरणांना दिसणारं द्रव्य सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेतलं. हीच सेरेब्रल अँजिओग्राफी. गंमत म्हणजे मोनिझना १९४९ साली नोबेल मिळालं ते यासाठी नाही. ते मिळालं मनोरुग्णांच्या मेंदूवर केलेल्या शस्त्रक्रियेसाठी, आणि ती शस्त्रक्रिया पुढे बदनाम झाली. अँजिओग्राफी मात्र आजही रोज वापरात आहे.

दहा वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप लावली. फुग्याचं तोंड बंद झालं, रक्त आत जायचं थांबलं. कल्पना इतकी चोख की क्लिप आजही लावतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस झुरिचमध्ये गाझी याशरगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही शस्त्रक्रिया करायची पद्धत बसवली, तेव्हा ती बरीच सुरक्षितही झाली.

आपल्याकडे काय होतं? भारतातला न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग वेल्लोरला जेकब चांडी यांनी १९४९ साली सुरू केला. मुंबईत राम गिंडे आणि होमी दस्तूर ही पहिल्या पिढीची नावं. परळच्या केईएममध्ये दस्तूर यांनी १९५०च्या दशकात विभाग उभा केला. पुढची कित्येक वर्षं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या सामान्य माणसासाठी मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे केईएम, नायर, सायन किंवा जे.जे. सगळं शहराच्या दक्षिणेला. ज्या आजारात पहिले काही तास महत्त्वाचे, त्यात अंतर हासुद्धा आजाराचाच भाग होतो.

क्लिपची अडचण उघड होती: कवटी उघडावी लागते. फुगा खोल जागी असेल, मेंदू सुजलेला असेल, रुग्णाचं वय झालेलं असेल, तर ते फार अवघड.

आतून भरणं

कवटी न उघडता रक्तवाहिनीतूनच फुग्यापर्यंत पोहोचायचं, हे मॉस्कोच्या बुर्डेन्को इन्स्टिट्यूटमध्ये फ्योदोर सर्बिनेंको यांनी करून दाखवलं. मे दिनाच्या उत्सवात लहान मुलांच्या हातातले फुगे बघून त्यांना कल्पना सुचली असं सांगतात. नळीच्या टोकाला छोटा फुगा न्यायचा, जागेवर फुगवायचा आणि सोडून द्यायचा. १९७४ मध्ये त्यांचं काम इंग्रजीत छापून आलं आणि जगभर खळबळ उडाली. पण गोल फुगा वेड्यावाकड्या पोकळीत नीट बसत नाही. कधी तो स्वतःच बसतो, कधी पातळ भिंतीवर ताण देतो.

यातून वाट काढली ग्विदो गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी. कॅलिफोर्नियात इव्हान सेपेत्का या अभियंत्यासोबत त्यांनी प्लॅटिनमची अतिशय मऊ तार बनवली. ही तार स्प्रिंगसारखी गुंडाळी घेत फुग्याचा आकार धरते. नीट बसली नाही तर मागे ओढता येते. बसली की अगदी सौम्य वीजप्रवाह सोडून तिचा जोड विरघळवायचा, म्हणजे तार आत राहते आणि ढकलणारी दांडी बाहेर येते. १९९० मध्ये पहिल्या रुग्णांवर वापर झाला, १९९५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने परवानगी दिली.

२००२ मध्ये 'आयसॅट' या मोठ्या चाचणीचे निकाल 'लॅन्सेट'मध्ये आले. फुटलेल्या फुग्याचे २,१४३ रुग्ण, चिठ्ठी टाकल्यासारखी वाटणी: काहींना क्लिप, काहींना कॉइल. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण क्लिपच्या गटात ३०.६ टक्के, कॉइलच्या गटात २३.७ टक्के. कॉइलची बाजू भक्कम झाली.

मुंबईत या शाखेला इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिऑलॉजी म्हणतात. जांघेतून बारीक नळी घालायची आणि पडद्यावर बघत मेंदूपर्यंत न्यायची. इथे ती रुजवणाऱ्यांत केईएमचे डॉ. उदय लिमये यांचं नाव ठळक आहे. पुढे ते अंधेरी पश्चिमेच्या कोकिलाबेन रुग्णालयात गेले. ही एकाच डॉक्टरची बदली म्हणून बघू नका. परळला महापालिकेच्या रुग्णालयात मुरलेलं कौशल्य उपनगरांत, पण खासगी छताखाली पोहोचलं, असा तो प्रवास आहे. तिथे अंतर कमी झालं आणि खर्च वाढला.

आता कॉइलची अडचण. फुगा तारेने कितीही दाबून भरला तरी आतल्या जागेचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच धातूने व्यापला जातो. उरलेलं सगळं गोठलेलं रक्त. समोरून रक्ताचा मारा चालूच असतो, त्यामुळे कॉइल हळूहळू आत दाबल्या जातात आणि फुग्याचं तोंड पुन्हा उघडतं. माँट्रिअलच्या जाँ रेमों यांच्या गटाने २००३ मध्ये स्वतःच्या रुग्णांचा आढावा छापला, त्यात जवळपास एक तृतीयांश फुग्यांत काही ना काही प्रमाणात हे झालेलं दिसलं. सगळेच धोकादायक नव्हते, पण मोठे आणि रुंद तोंडाचे फुगे जास्त त्रास देणारे निघाले.

रुंद तोंडात आणखी एक प्रश्न: भरलेली तार बाहेर सरकून मुख्य रक्तवाहिनीत येऊ शकते. म्हणून पॅरिसच्या जाक मोरे यांनी भरताना तोंडाशी तात्पुरता बलून धरायची युक्ती काढली. १९९७ मध्ये रँडल हिगाशिदा आणि सहकाऱ्यांनी मुख्य वाहिनीत स्टेंट ठेवून त्याच्या जाळीतून कॉइल भरल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे स्टेंट आणि कॉइल एकत्र ही गोष्ट काल-परवाची नाही. फक्त त्या वेळी स्टेंटचं काम कुंपणाचं होतं, आतला माल बाहेर येऊ नये एवढंच.

वाहिनीच दुरुस्त करायची

मग विचार उलटा फिरला. फुगा भरत बसण्यापेक्षा ज्या वाहिनीला तो आलाय तीच दुरुस्त केली तर?

गावची नदी आठवा. काठाला एक डोह आहे, प्रवाहाचं पाणी तिथे शिरून भोवरा करतं आणि काठ खात राहतं. डोह दगडांनी भरणं ही कॉइलची पद्धत. फ्लो डायव्हर्टर काय करतो? डोहाच्या तोंडावर दाट जाळी लावतो. पाणी पूर्ण अडत नाही, पण बहुतेक प्रवाह सरळ निघून जातो. डोहातलं पाणी संथ होतं, गाळ बसतो, आणि काही महिन्यांत डोह आपोआप भरतो. काठावर गवत उगवावं तसं जाळीवर रक्तवाहिनीचं नवं अस्तर चढतं.

पाइपलाइन नावाचं यातलं प्रसिद्ध उपकरण ४८ बारीक तारांची वीण असतं. कोबाल्ट-क्रोमियमच्या तारा जास्त, आणि क्ष-किरणांत दिसावं म्हणून काही प्लॅटिनमच्या. वाहिनीच्या भिंतीचा ३० ते ३५ टक्के भाग धातूने झाकला जातो, आधीच्या स्टेंटपेक्षा खूपच जास्त. २००६ मध्ये ब्युनोस आयर्सला पेद्रो लिलिक यांनी ते पहिल्यांदा रुग्णात वापरलं. त्यांच्या २००९च्या अहवालात ५३ रुग्ण आणि ६३ फुगे होते. पूर्ण बंद झालेल्या फुग्यांचं प्रमाण तीन महिन्यांनी ५६ टक्के, सहा महिन्यांनी ९३ टक्के, वर्षाने ९५ टक्के. ज्या मोठ्या फुग्यांवर कॉइल हरत होत्या, त्यांवर असे आकडे कुणी पाहिले नव्हते. एप्रिल २०११ मध्ये एफडीएची परवानगी मिळाली.

पण ते आकडे पुन्हा एकदा वाचा. तीन महिन्यांनी ५६ टक्के. म्हणजे तीन महिने उलटल्यावरही जवळपास निम्मे फुगे पूर्ण बंद झालेले नव्हते. फ्लो डायव्हर्टरची अडचण इथे आहे: त्याला वेळ लागतो.

मधल्या दिवसांचा धोका

२०१०-११च्या सुमारास वेगवेगळ्या देशांतून अस्वस्थ करणाऱ्या नोंदी आल्या. फ्लो डायव्हर्टर नीट बसला होता, रुग्ण घरी गेला होता, आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी फुगा फुटला. संख्या थोडी होती, पण बहुतेक फुगे मोठे होते आणि परिणाम भयंकर. कारण शोधताना लक्ष गेलं ते आत गोठणाऱ्या रक्ताकडे. मोठ्या पोकळीत एकदम भरपूर ताजं रक्त गोठलं की त्या गुठळीतली विकरं आधीच पातळ झालेली भिंत आणखी कुरतडतात, असं स्पष्टीकरण पुढे आलं. ज्या गोठण्यावर सगळा भरवसा, तेच घाईने आणि एकगठ्ठा झालं तर घातक.

इथे कॉइल परत आल्या, वेगळ्या भूमिकेत. डोहात आधी थोडे दगड टाकले की भोवऱ्याचा जोर मोडतो आणि गाळ दगडांच्या आधाराने बसतो. थोड्या कॉइलमुळे फुग्याच्या माथ्यावर आदळणारी रक्ताची धार मोडते, आणि ताज्या गुठळीचा एकच मोठा गोळा होण्याऐवजी ती तारांच्या सांगाड्यावर धरते. म्हणून मोठ्या फुग्यांत फ्लो डायव्हर्टरसोबत कॉइलही घालाव्यात असा सल्ला दिला जाऊ लागला. आता कॉइल दाबून भरायची गरज नाही. तोंड बंद करायचं काम जाळीचं, कॉइलने फक्त मधले दिवस सांभाळायचे. सैल भरल्या तरी चालतात.

यात हातचलाखीचाही भाग आहे. फ्लो डायव्हर्टरची वीण इतकी दाट की तो एकदा उघडला की त्यातून नळी फुग्यात घालता येत नाही. म्हणून कॉइलची बारीक नळी आधी फुग्यात नेऊन ठेवायची, मग स्टेंट उघडायचा. नळी स्टेंट आणि भिंत यांच्यामध्ये अडकून राहते. तिच्यातून कॉइल सोडायच्या आणि शेवटी ती अलगद बाहेर ओढायची. 'आधी स्टेंट बसवू, गरज पडली तर नंतर कॉइल बघू' असं सहसा जमत नाही. निर्णय आधीच घ्यावा लागतो. आमच्या श्रोत्याला दोन्हीचा खर्च एकदम का सांगितला गेला, याचं हे एक कारण असू शकतं.

मग प्रत्येकाला दोन्ही घालावं का? नाही. लहान फुग्यांत बरेचदा एकटा फ्लो डायव्हर्टर पुरतो. अरुंद तोंडाच्या फुग्याला एकट्या कॉइल पुरतात. काही ठिकाणी आजही क्लिपच सरस. जास्त सामान घातलं की प्रक्रिया लांबते, गुठळी होण्याचा धोका वाढतो, खर्चही वाढतो. "माझ्या फुग्यात दोन्ही का?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. आकार किती, तोंड किती रुंद, फुटलेला आहे की नाही, या तीन गोष्टींवर उत्तर यायला हवं.

गोळ्यांचा पेच

रक्तवाहिनीत धातू ठेवला की त्यावर गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांसारख्या दोन गोळ्या महिनोन् महिने घ्याव्या लागतात. फुगा फुटलेला नसेल तर ठीक. पण फुटलेला असेल तर? ज्याच्या मेंदूत नुकताच रक्तस्राव झालाय, त्याला रक्त गोठू न देणारी औषधं द्यायची! अशा वेळी बरेच डॉक्टर दोन टप्पे करतात. आधी कॉइलने फुटलेला भाग बंद करायचा, रुग्ण सावरला की काही आठवड्यांनी फ्लो डायव्हर्टर. म्हणजे इथेही जोडी तीच, फक्त मध्ये वेळ सोडलेला.

आपल्यासाठी आणखी एक बारकावा. क्लोपिडोग्रेल शरीरात गेल्यावर यकृतातल्या एका विकराने त्याचं प्रभावी रूप तयार होतं. काही लोकांत हे विकर जन्मजात मंद असतं, आणि आशियाई लोकसंख्येत, आपल्याकडेही, हे प्रमाण बऱ्यापैकी आहे. म्हणून स्टेंटआधी गोळी लागू पडते का हे काही ठिकाणी तपासतात, नाहीतर औषध बदलतात. आणि रुग्णाने मनाने गोळी बंद करणं हा या उपचारातला सर्वांत टाळता येण्यासारखा धोका आहे. दात काढायचाय, उपवास आहे, गावी गेलो आणि गोळ्या संपल्या, यातलं कुठलंही कारण चालत नाही.

पैसा आणि पुणे

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याने एक माहिती दिली: आयात फ्लो डायव्हर्टरची किंमत सात-आठ लाख रुपये आहे आणि तो भारतात बनत नाही. ही नुसती उपकरणाची किंमत. त्याच काळात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण बहुतेक आजारांसाठी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होतं. पुढे ते पाच लाखांवर गेलं. हे आकडे शेजारी ठेवले की घाटकोपरच्या झोपडपट्टीतल्या किंवा बोरिवलीच्या वन-रूम-किचनमधल्या घराला हा सल्ला ऐकून घाम का फुटतो ते कळतं. श्रोत्याच्या प्रश्नातला संशय त्या घामातून आलेला आहे. त्याला मी तरी नावं ठेवणार नाही.

ती माहिती देण्याचं निमित्त मात्र चांगलं होतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने देशी फ्लो डायव्हर्टरची रचना केली होती. तो नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. वाकवला तरी मूळ आकारात परत येणारा हा धातू त्यांना बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजकडून मिळाला, म्हणजे विमानांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडून. आणि त्याच्या उत्पादनाचं तंत्रज्ञान दिलं गेलं ते पुण्याच्या बायोरॅड मेडिसिस या कंपनीला. प्राण्यांवरच्या चाचण्या, मग माणसांवरच्या, मग परवाने, हा रस्ता लांबचा असतो. हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर २०१७ मध्ये सरकारने मर्यादा आणली तेव्हा काय फरक पडला हे आपण पाहिलंय. मेंदूच्या स्टेंटबद्दल तेवढी चर्चा अजून आपल्याकडे होत नाही, कारण त्याचे रुग्ण कमी आणि विखुरलेले.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कुणालाही अचानक, वीज पडावी तशी डोकेदुखी झाली, सोबत उलटी, मान आखडणं किंवा भोवळ असेल, तर "पित्त झालंय" म्हणून गोळी देऊन झोपवू नका. जिथे सीटी स्कॅन लगेच होतो अशा जवळच्या रुग्णालयात न्या आणि डोकेदुखी नेमकी किती वाजता सुरू झाली ते डॉक्टरांना सांगा. जमलं तर वाटेतच फोन करून विचारा, तिथे मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करणारं पथक आहे का. नसेल तर पुढे कुठे पाठवतील ते तेव्हाच ठरवून घ्या. संध्याकाळी सहा वाजता पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण प्रवासाला किती वेळ लागतो, हे मुंबईकराला मी काय सांगणार.

बोरिवलीच्या श्रोत्याला आणि त्यांच्या वडिलांना शुभेच्छा. तुमच्या घरात कुणावर असे उपचार झाले असतील तर अनुभव जरूर कळवा, पण रुग्णाची संमती घेऊन. पुढच्या भागात भेटू.